पाच सेटची व्हॉलीबॉल मॅच उलगडून कशी बघायची: पेन स्टेट–नेब्रास्का २०२४ समोर ठेवून

१९ डिसेंबर २०२४, लुईव्हिल, केंटकी. एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था) महिला व्हॉलीबॉलची सेमीफायनल, पेन स्टेट विरुद्ध नेब्रास्का, स्टेडियममध्ये २१ हजारांहून जास्त माणसं. पेन स्टेटच्या बाजूने स्कोअर असा: २३-२५, १८-२५, २५-२३, २८-२६, १५-१३. पहिले दोन सेट घालवून नंतरचे तिन्ही घेतले.

आता जरा बेरीज करा. पेन स्टेटचे एकूण पॉइंट १०९ आणि नेब्रास्काचे ११२. म्हणजे जास्त पॉइंट मिळवणारी टीम घरी गेली आणि कमी मिळवणारी फायनलला. पेन स्टेटने जिंकलेला एकही सेट दोनपेक्षा जास्त फरकाने जिंकलेला नाही. अशी मॅच संपली की सगळीकडे एकच सुरू होतं, अमकीने शेवटी बॉल बाहेर मारला, कोचने टाइमआउट उशिरा घेतला, नेब्रास्काला प्रेशर झेपत नाही वगैरे. यातलं काही खरंही असेल, पण नुसता शेवटचा पॉइंट बघून ते कळत नाही. अशी मॅच कुठे फिरली ते शोधायची एक पद्धत आहे. ती कोणालाही घरी बसून जमते, त्यासाठी कोच असायची गरज नाही, फक्त एक वही, मॅचचं रेकॉर्डिंग आणि थोडा पेशन्स लागतो. माझं म्हणणं एवढंच की अशी मॅच पास (समोरून आलेल्या सर्व्हवरचा आपला पहिला टच) आणि सर्व्हवर ठरते, स्मॅश हा त्याचा शेवटचा टप्पा असतो. बघायची सवय आपल्याला उलटी लागलेली आहे, म्हणून आधी ती मोडायची.

आधी नियम पक्के करा, नाहीतर नुसतं भांडण होतं

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या ग्राउंडवर नाहीतर टीव्हीवर ऑलिंपिकची व्हॉलीबॉल बघितलेली माणसं अमेरिकन कॉलेजची मॅच बघतात तेव्हा दोन-तीन गोष्टींत हमखास अडखळतात. आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये एका सेटला सहा सब्स्टिट्यूशन, इथे पंधरा. त्यामुळे फक्त मागच्या रांगेत खेळायला आलेली, फक्त सर्व्ह करायला आलेली अशा स्पेशालिस्ट मुली सतत आत-बाहेर करत असतात आणि त्यात काही विशेष नसतं. लिबेरो (वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागच्या रांगेत डिफेन्स करणारी खेळाडू) इथे एका रोटेशनमध्ये (सर्व्ह परत मिळाली की सगळ्या एकेक जागा फिरतात, ती मांडणी) सर्व्ह करू शकते, आंतरराष्ट्रीय नियमात नाही करू शकत. आणि २०२४ च्या सीझनपासून दुसऱ्या टचला डबल लागलं, म्हणजे एकीचाच बॉलला लागोपाठ दोनदा हात लागला, तरी चालतं, फक्त बॉल आपल्याच टीमच्या खेळाडूकडे गेला पाहिजे, त्या टचने नेटपलीकडे जाता कामा नये. त्यामुळे या मॅचमधल्या एखाद्या वेड्यावाकड्या सेटवर (अटॅकरला उचलून दिलेल्या बॉलवर) ‘डबल, डबल’ करून ओरडण्यात अर्थ नाही. टाइमआउट सेटला दोनच, हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्कोअर बघूनच अर्धं काम होतं

रेकॉर्डिंग लावायच्या आधी सेटचे स्कोअर वहीत लिहा आणि एक साधं गणित डोक्यात बसवा. व्हॉलीबॉलमध्ये पॉइंट दोनच प्रकारे मिळतो. समोरच्याच्या सर्व्हवर पॉइंट घेतला तर तो साइडआउट, मग सर्व्ह आपल्याकडे येते. आपल्याच सर्व्हवर पॉइंट घेतला तर तो ब्रेक. आता साइडआउट आळीपाळीनेच होतात, एका टीमचा झाला की पुढचा समोरच्याचाच असतो, त्यामुळे कुठल्याही सेटमध्ये दोन्ही टीमच्या साइडआउटमधला फरक एकपेक्षा जास्त होऊच शकत नाही. म्हणजे सेटमध्ये जो काही फरक दिसतो तो जवळजवळ सगळा ब्रेक पॉइंटचा असतो. पेन स्टेटने घेतलेल्या तिन्ही सेटमध्ये फरक दोनचा, म्हणजे प्रत्येक सेटला त्यांनी आपल्या सर्व्हवर नेब्रास्कापेक्षा फार तर एक ते तीन पॉइंट जास्त घेतले. बस, एवढ्यावर सेट गेला.

मग शोधायचं काय हे आपोआप ठरतं. दोनशे एकवीस पॉइंट सारख्या बारकाईने बघत बसायची गरज नाही, ज्या ठिकाणी एका टीमने सर्व्ह हातात असताना सलग दोन, तीन, चार पॉइंट काढले त्या जागा शोधा. स्कोअर लिहिताना प्रत्येक पॉइंटला कोणाची सर्व्ह होती एवढं लिहिलंत तरी हे रन (सलग पॉइंट) डोळ्यासमोर येतात.

वहीत काय लिहायचं

मॅच दोनदा बघा. पहिल्यांदा मजा म्हणून बघा, ओरडा, घरच्यांना उठवा, काही लिहू नका. लाइव्ह बघताना लिहायला गेलात तर मॅचही जाते आणि नोंदही. दुसऱ्यांदा रेकॉर्डिंगवर, थांबवत थांबवत. आणि दुसऱ्यांदा बघताना कॉमेंटरीचा आवाज बंद करा, कारण कॉमेंटेटर नेहमी जिने पॉइंट मारला तिच्याबद्दल बोलतो आणि आपली नजरही तिकडेच जाते.

प्रत्येक रॅलीला एक ओळ. नमुना म्हणून अशी:

सर्व्ह पेन – पास २ – डावीकडे सेट – ब्लॉकला टच – डिग – उजवीकडून किल – पॉइंट पेन

डिग म्हणजे समोरचा अटॅक खाली पडायच्या आत उचलणं, किल म्हणजे थेट पॉइंट मिळवणारा अटॅक. यात पासच्या पुढचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ० ते ३ असे मार्क द्यायचे. ३ म्हणजे बॉल नेटजवळ सेटरच्या (अटॅकरला बॉल उचलून देणारी) हातात बरोबर आला आणि तिला मधली, डावी, उजवी सगळे पर्याय उघडे आहेत. २ म्हणजे सेटरला दोन-चार पावलं पळावं लागलं, मधली अटॅकर बहुतेक बाद. १ म्हणजे कसाबसा उंच बॉल बाहेरच्या बाजूला टाकण्यापलीकडे काही होत नाही, आणि समोर दोन ब्लॉकर सावकाश येऊन उभ्या राहतात. ० म्हणजे एस, सर्व्हवरच थेट पॉइंट गेला. तुमचे आणि माझे मार्क थोडे वेगळे येतील, येऊ देत, फक्त संपूर्ण मॅचभर एकाच मापाने मोजा. आणि पास कोणी घेतला तिचा जर्सी नंबर बाजूला लिहा. हे न लिहिता पुढे गेलात तर पुढचं सगळं हवेत राहतं, कारण चांगली सर्व्ह करणारी टीम कुठेही सर्व्ह मारत नाही, ती माणूस बघून मारते. दोन सेट झाल्यावर वहीत बघा, एका नंबरसमोर वीस आणि दुसरीसमोर सहा असं दिसलं की समोरच्या कोचचा प्लॅन तुमच्या हातात आला.

रोटेशन: इथे वेळ घालवा

सगळ्यात जास्त कळतं ते इथे, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळतात. रोटेशन ओळखायची सोपी युक्ती म्हणजे सेटर शोधा (आपल्या ग्राउंडवर जिला लिफ्टर म्हणतात ती). सर्व्ह व्हायच्या आधी ती कुठल्या नंबरच्या जागेवर आहे तेच त्या रोटेशनचं नाव. मागे उजवीकडे म्हणजे एक नंबर, तिथून पुढे उजवीकडे दोन, पुढे मध्ये तीन, पुढे डावीकडे चार, मागे डावीकडे पाच, मागे मध्ये सहा. या मॅचमध्ये नेब्रास्काची सेटर बर्गन रायली आणि पेन स्टेटची फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाची) इझी स्टार्क. या दोघींवर डोळा ठेवला की बाकीच्या आपोआप जागेवर बसतात.

सेटर मागच्या रांगेत असेल, म्हणजे एक, सहा, पाच, तर पुढे तीन अटॅकर असतात. सेटर पुढे आली की पुढे दोनच अटॅकर उरतात, आणि समोरच्या ब्लॉकर्सचं काम सोपं होतं. म्हणून पुढच्या रांगेतल्या तीन रोटेशनमध्ये टीम किती साइडआउट काढते ते वेगळं मोजा. शिवाय सेटर एक नंबरवर असताना नेहमीच्या मांडणीत एक गोची असते, डावीकडून मारणारी आउटसाइड उजवीकडे अडकते आणि उजवीकडून मारणारी ऑपोझिट डावीकडे, त्यामुळे पहिला बॉल दोघींना आपल्या सवयीच्या बाजूने मारता येत नाही. भल्याभल्या टीम या एका रोटेशनमध्ये तीन-तीन पॉइंट देऊन बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, अचानक काय झालं यांना. अचानक काही झालेलं नसतं, घड्याळ फिरून त्याच काट्यावर आलेलं असतं.

मग वहीत एक तक्ता करा, सहा ओळी, प्रत्येक रोटेशनला एक. समोरच्याची सर्व्ह किती वेळा आली आणि त्यातले किती पॉइंट आपण काढले. चांगल्या टीमचा साइडआउट साधारण ६० टक्क्यांच्या वर असतो. सहातल्या पाच ओळी ६५-७० च्या आसपास आणि एक ओळ ३५ ला आली की मॅच कुठे गळत होती ते कळलं. मात्र एका सेटवर निकाल देऊ नका, एका सेटमध्ये एका रोटेशनला तीन-चारच सर्व्ह येतात, त्यात काहीही दिसू शकतं. पाच सेटची बेरीज करा, मगच बोला.

चौथा सेट, हा तर घरचा अभ्यासच समजा

चौथ्या सेटमध्ये नेब्रास्का २२-१६ ने पुढे होती. दोन सेट खिशात, तीन पॉइंट हवेत, फायनल समोर. तिथून पेन स्टेटने मॅच पॉइंट वाचवून सेट २८-२६ ने घेतला. म्हणजे त्या टप्प्यात पेन स्टेट १२ आणि नेब्रास्का ४.

आता वर सांगितलेलं गणित इथे लावा. नेब्रास्काला या टप्प्यात एकूण चारच पॉइंट मिळाले, म्हणजे त्यांचे साइडआउट फार तर चार. मग पेन स्टेटचे साइडआउट फार तर पाच. बारातून पाच वजा केले तर सात उरतात. म्हणजे एकही व्हिडिओ न बघता आपण छातीठोकपणे सांगू शकतो की त्या टप्प्यात पेन स्टेटने किमान सात पॉइंट स्वतःच्या सर्व्हवर काढले, किंवा दुसऱ्या बाजूने बोलायचं तर नेब्रास्काला किमान सात वेळा समोरून आलेली सर्व्ह परतवून पॉइंट करता आला नाही. त्यामुळे ‘शेवटी अटॅक चुकला’ हे उत्तर पुरत नाही. एखादा अटॅक चुकतो, सात वेळा साइडआउट अडकतो तेव्हा त्याच्या मागे काहीतरी असतं.

काय असतं ते शोधायला रेकॉर्डिंग १६-२२ पासून लावा आणि प्रत्येक रॅलीला चार प्रश्न विचारा. सर्व्ह कोण करतंय आणि कोणावर मारतेय? पासला किती मार्क? नेब्रास्काची सेटर पुढे की मागे? आणि सेटरने बॉल कोणाला दिला, मधल्या अँडी जॅक्सनला किंवा रेबेका अ‍ॅलिकला द्यायची संधी होती का, की पास तेवढा चांगला नव्हता म्हणून बाहेर हार्पर मरे किंवा उजवीकडे मेरिट बीसनकडेच द्यावा लागला? पास ३ चा असून अटॅक अडला तर श्रेय पेन स्टेटच्या ब्लॉकचं आणि डिगचं. पास १ चा असेल तर श्रेय सर्व्हचं, आणि मग बिचारीने दोन ब्लॉकरच्या अंगावर मारला म्हणून तिला शिव्या घालणं हा सरळ अन्याय आहे. हे चार प्रश्न इमानदारीने विचारले तर अर्ध्या तासात सेट उलगडतो, आणि बहुतेक वेळा तुम्ही मनात जिला दोषी ठरवलेलं असतं ती निघत नाही.

बॉक्स स्कोअर बघताना

मॅचनंतर आकड्यांचा तक्ता येतो तो जरूर बघा, पण वही भरून झाल्यावर. आधी बघितला की डोळे तेच शोधतात.

हिटिंग पर्सेंटेज म्हणजे किल वजा एरर, भागिले एकूण अटॅक. समजा १६ किल, ४ एरर, ४० अटॅक, तर १२ भागिले ४०, म्हणजे .३००. हे चांगलं. पण एकीला पूर्ण मॅचभर खराब पासवरचे उंच बॉल मिळाले आणि दुसरीला सगळे स्वच्छ सेट मिळाले, तर दोघींचे .२०० आणि .४०० शेजारी ठेवून तुलना करू नका. पेन स्टेटची जेस म्रूझिक टीमचा भार उचलणारी आउटसाइड होती, अशा खेळाडूचं माप नुसत्या टक्क्यांत येत नाही, टीम अडचणीत असताना तिला किती बॉल गेले ते बघा.

ब्लॉकची बेरीज बरेच लोक चुकवतात. दोघींनी मिळून ब्लॉक केला तर दोघींच्या नावावर एकेक असिस्ट लागतो, पण टीमचा ब्लॉक एकच असतो. म्हणून टीम ब्लॉक म्हणजे सोलो अधिक असिस्टचे निम्मे. आणि तक्त्यात फक्त पॉइंट मिळालेला ब्लॉक दिसतो. ब्लॉकरच्या बोटाला लागून बॉलचा वेग मेला आणि मागे लिबेरोने सहज उचलला, हे कुठेच दिसत नाही. नेब्रास्काची लिबेरो लेक्सी रॉड्रिग्झ बघताना हे फार जाणवायचं, तिच्या डिगचा आकडा सगळे सांगायचे पण बॉल येण्याआधी ती कुठे जाऊन उभी राहिली होती ते रेकॉर्डिंगवरच दिसतं.

ब्लॉकने मॅच कशी फिरते ते बघायचं असेल तर २०२१ ची फायनल लावा, कोलंबस, ओहायो, विस्कॉन्सिन विरुद्ध पुन्हा नेब्रास्काच. २२-२५, ३१-२९, २५-२३, २३-२५, १५-१२, एकूण ११६ विरुद्ध ११४. विस्कॉन्सिनचे टीम ब्लॉक २४. सहा फूट आठ इंचाची डेना रेट्की आणि सहा फूट नऊ इंचाची फ्रेशमन अ‍ॅना स्म्रेक नेटवर उभ्या असल्या की समोरच्या अटॅकरचा हात आधीच बदलतो, ती टिप (जोरात न मारता हलका बॉल) टाकायला लागते, लाइनच्या फार जवळ मारायला जाते आणि बाहेर मारते. असा एरर तक्त्यात अटॅकरच्या नावावर जातो, पण वहीत त्यापुढे ‘ब्लॉकमुळे’ असं लिहा.

टाइमआउट आणि बदल

यावर फार वेळ घालवू नका. टाइमआउट कुठल्या स्कोअरला घेतला आणि त्यानंतरच्या पहिल्या सर्व्हवर काय झालं एवढं लिहा. सेटला दोनच असतात, त्यामुळे १४-१५ ला एक खर्च केला तर शेवटी हात बांधले जातात, कोचला शिव्या घालायच्या आधी हे मोजा.

मागची गोष्ट माहीत असू द्या

आकड्यांपलीकडे थोडा इतिहास लागतो. या दोन टीम बिग टेन या एकाच कॉलेज लीगमधल्या (तिलाच कॉन्फरन्स म्हणतात), त्या वर्षी कॉन्फरन्सचं विजेतेपद दोघींनी वाटून घेतलं होतं, आणि नोव्हेंबरअखेर पेन स्टेटने नेब्रास्काला आपल्या घरच्या मैदानावर ३-१ हरवलंही होतं. म्हणजे लुईव्हिलला आल्या तेव्हा दोघींना एकमेकींचं सगळं पाठ होतं. त्यातून पेन स्टेटकडे कॅरोलाइन ज्युरेव्हिशस आणि मॅगी मेंडलसन या दोघी आधी नेब्रास्काच्याच टीममध्ये असलेल्या. रोज प्रॅक्टिसला जिच्यासमोर उभं राहिलात तिचा आवडता शॉट कुठला हे सांगावं लागत नाही, म्हणून त्या रॅली मुद्दाम परत बघा.

आणि पेन स्टेटची कोच केटी शूमाकर-कॉली. १९९९ ला याच कॉलेजकडून खेळाडू म्हणून चॅम्पियन झालेली, आणि २०२४ च्या सीझनमध्ये ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना बेंचवर उभी राहिलेली बाई. दोन सेट खाली असतानाचा तिचा चेहरा बघा, ती मुलींना काय वागणूक देते ते बघा. विश्लेषणात याचा कॉलम नाही, पण हे न बघता ही मॅच समजली असं मी तरी म्हणणार नाही.

मग चर्चा करा

वही झाली की मित्रांशी वाद घालायला मजा येते, कारण आता ‘मला वाटतं’ ऐवजी ‘तिसऱ्या सेटमध्ये सेटर पुढे असताना पाच सर्व्ह आल्या, एकच पॉइंट निघाला’ असं बोलता येतं. तुम्ही बे एरियात बसून बघत असा नाहीतर सांगलीत पहाटे उठून, दोघांनी वाटून घ्या, एकाने एका टीमचे पास मोजायचे, दुसऱ्याने दुसरीचे. एकट्याने दोन्ही टीम मोजायला गेलं की तिसऱ्या सेटपर्यंत डोकं बंद पडतं. दोघांचे मार्क जिथे जुळत नाहीत ती रॅली एकत्र परत लावा, चर्चा तिथेच करण्यासारखी असते.

एक मात्र कळकळीने सांगते, या मुली अठरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या आहेत, कॉलेजात शिकतात. पास चुकला, निर्णय चुकला असं जरूर लिहा, पण कोणाच्या दिसण्यावर, वजनावर किंवा कपड्यांवर जाऊ नका आणि हरल्यावर तिच्या अकाउंटवर जाऊन तिला टॅग करून तर अजिबात लिहू नका. नेब्रास्कासारख्या ठिकाणी तर ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉल बघायला ९२,००३ माणसं आली होती. एवढी माणसं बघत असताना हरणं काय असतं ते त्यांना आपण सांगायची गरज नाही.

शेवटची पायरी: निष्कर्ष पुढच्या मॅचला लावून बघा

एका मॅचवरून काढलेला निष्कर्ष खरा की योगायोग हे पुढच्या मॅचमध्ये कळतं. समजा वहीवरून तुम्हाला वाटलं की पेन स्टेटचा जीव लांबलेल्या सेटमध्ये आहे, तर तीन दिवसांनी २२ डिसेंबरला झालेली लुईव्हिलविरुद्धची फायनल लावा. पेन स्टेटने ती २५-२३, ३२-३४, २५-२०, २५-१७ अशी जिंकली. सगळ्यात लांबलेला सेट त्या हरल्या आणि शेवटचे दोन आरामात घेतले, म्हणजे तुमचा निष्कर्ष तिथे टिकत नाही. शिवाय लुईव्हिलची अ‍ॅना डिबेअर सेमीफायनलमध्ये घोटा दुखावल्यामुळे फायनल खेळू शकली नाही, तेही हिशोबात धरायला हवं. उलट ‘पेन स्टेट सर्व्ह माणूस बघून मारते’ असं वाटलं असेल तर फायनलचे पहिले दोन सेट लावा, प्रत्येक पाससमोर लुईव्हिलच्या मुलींचे नंबर लिहा, आणि यादी कोणाच्या नावासमोर लांब होते ते बघा.